नंदुरबारचे वाणी आणि घाटावरचा नरक्या

नंदुरबारला १९२५ साली जन्मलेल्या मनसुख वाणी यांचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही, याचे मला नवल वाटते. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले आणि नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्याबरोबर वनस्पतींतून कॅन्सरवरील औषधे शोधू लागले.

चिनी लोक ज्याला ‘आनंदवृक्ष’ म्हणतात, त्या झाडाचा अर्क उंदरांच्या रक्ताच्या कॅन्सरवर गुण दाखवत होता. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग तपासायचा, गुण ज्यात उतरला तेवढाच ठेवून त्याचे पुन्हा भाग पाडायचे. अशा चिकाटीने १९६६ साली कॅम्प्टोथेसिन हे शुद्ध द्रव्य हाती आले.

पण ते पाण्यात विरघळेना. मग शिरेतून द्यायचे कसे? त्याचा सोडियम क्षार केला. तो छान विरघळला. १९७०च्या सुमारास तो रुग्णांना देऊन पाहिला. गुण बेताचाच आला. मूत्राशयातून रक्तस्राव मात्र अनेकांना भोगावा लागला. चाचण्या थांबल्या. या रेणूत अणूंचे एक कडे आहे. ते बंद असेल तरच औषध चालते, आणि क्षार करताना नेमके तेच उघडत होते. आता दैवगती पाहा: लघवीच्या आम्लतेत ते कडे पुन्हा मिटे आणि औषध भलत्याच जागी जागे होई!

हे द्रव्य डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला जखडते, असे १९८५ साली कळले आणि संशोधनाला पुन्हा जीव आला. या खेपेस रसायनशास्त्रज्ञांनी कड्याला हात न लावता रेणूच्या दुसऱ्या बाजूला पाण्यात विरघळणारे गट जोडले. त्यातून टोपोटिकॅन आणि जपानमध्ये इरिनोटिकॅन तयार झाले. इरिनोटिकॅनचे जोडलेले शेपूट शरीरातील एन्झाइम कापतात, तेव्हा कुठे ते खऱ्या अर्थाने कामाला लागते. अमेरिकेत दोन्हींना १९९६ साली मंजुरी मिळाली. बीजाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर ती आजही दिली जातात.

या कथेचा एक धागा आपल्या दारातही येतो. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही कॅम्प्टोथेसिन आहे, आणि तेही भरपूर, हे गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी १९७२ साली दाखवले. गोविंदाचारी तेव्हा गोरेगावच्या सीबा संशोधन केंद्राचे संचालक होते. रेणू प्रयोगशाळेत बदलता येतो, पण मूळ द्रव्य प्रामुख्याने झाडातूनच काढावे लागते. पुढे मागणी वाढली, तशी घाटमाथ्यावरच्या नरक्यावर कुऱ्हाड पडू लागली.