चंद्रकोरीचे बंदर

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात गारोन नदी समुद्राकडे जाता जाता एक मोठे वळण घेते. त्या वळणाच्या कुशीत बोर्दो शहर वसले आहे. वळणाचा आकार चंद्रकोरीचा, म्हणून या बंदरास ‘चंद्राचे बंदर’ म्हणतात. शहराच्या मुद्रेवरही एकमेकींत गुंफलेल्या तीन चंद्रकोरी आहेत. २००७ साली युनेस्कोने याच नावाने त्याची जागतिक वारशात नोंद केली.

रोमन काळी याचे नाव बुर्दिगाला होते. चौथ्या शतकातील लॅटिन कवी ऑसोनियस येथलाच. त्याचे स्वतःचे द्राक्षमळे होते. परंतु बोर्दोचे भाग्य फळफळले ते एका विवाहाने. ११५२ साली अक्वितेनची डचेस एलिनॉर हिने आंजूच्या हेन्रीशी लग्न केले. दोनच वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला आणि हा प्रांत सुमारे ३०० वर्षे इंग्रजी राजमुकुटाखाली राहिला. १४५३ मध्ये कास्तियोंच्या लढाईने ती सत्ता संपली. येथल्या मद्याची इंग्रजांना लागलेली चटक मात्र संपली नाही. जहाजात मद्याची किती पिंपे मावतात यावरून त्याची क्षमता मोजण्याची रीत त्या काळी पडली. आपल्या कचेऱ्यांतील कागदांवर नित्य उमटणारा ‘टन’ हा शब्द मुळात त्या पिंपाचाच होय!

शहराच्या पूर्वेस सेंतेमिल्यों हे टेकडीवरचे गाव आहे. तेथे चुनखडीच्या एकाच खडकात कोरलेले भव्य ख्रिस्तमंदिर पाहून मराठी माणसास वेरूळ आठवल्यावाचून राहत नाही. भोवताली जिकडेतिकडे द्राक्षमळे. तेथील तळघरांतून चालणारा आस्वादविधी मद्यपानाच्या आपल्या कल्पनेहून अगदी निराळा आहे. पेल्याच्या तळाशी मद्य थोडेसेच असते. आधी रंग पाहावा, मग पेला फिरवून गंध घ्यावा, नंतर घोट तोंडात घोळवावा. जाणकार तर तो घोट चक्क थुंकून टाकतात. जिभेस प्रथम हिरड्यासारखा तुरटपणा जाणवतो आणि मागाहून पिकल्या फळाचा स्वाद दरवळतो.

वायव्येकडील मेदोक भागाची कथा माझ्यासारख्या सरकारी कारकुनास विशेष रुचेल. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी तेथील तांबड्या मद्यांच्या, बाजारभाव पाहून, पाच श्रेणी लावल्या. दुसऱ्या श्रेणीतील एका मळ्यास पहिलीत बढती मिळाली ती १९७३ साली, म्हणजे तब्बल ११८ वर्षांनी! याच मेदोकात रस्त्याकडेच्या वेलींवर, चोरांनी द्राक्षे खाऊ नयेत म्हणून, मोरचूद व चुना यांचे मिश्रण शिंपडीत. अशा वेली केवडा रोगापासून बचावतात हे मिलार्दे या शास्त्रज्ञाने हेरले आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. नाशिक-तासगावच्या बागाइतदारांच्या तोंडी असलेले ‘बोर्डो मिश्रण’ ते हेच.

मळ्यांतून परत धक्क्यावर आले, की नदीकाठी फिकट दगडाच्या अठराव्या शतकातील इमारतींची ओळ दिसते. व्यापारपेठेचा तो डौलदार चौक, १७८० सालचे बारा स्तंभांचे नाट्यगृह, दारा-खिडक्यांवर कोरलेले मुखवटे, सारेच मोहक. पण त्या मुखवट्यांत काही चेहरे आफ्रिकी आहेत, आणि तेथे पाहणाऱ्याची पावले थबकतात. हे वैभव केवळ द्राक्षांचे नव्हे. येथल्या व्यापाऱ्यांच्या जहाजांनी सुमारे ५०० सफरींत एक लाख वीस हजार ते दीड लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून अमेरिकेकडे नेली. आज हैती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीतील गुलामांनी पिकविलेली साखर, कॉफी आणि नीळ याच धक्क्यावर उतरत असे. ज्या जहाजांवर माणसे लादली जात, त्यांची क्षमताही टनांतच, म्हणजे मद्याच्या पिंपांच्या मापानेच, मोजली जाई.

या शहराने आपल्या खतावणीचे हे पान बराच काळ मिटून ठेवले होते. अलीकडे ते उघडले आहे. २००९ पासून अक्वितेन संग्रहालयात या व्यापाराची स्वतंत्र दालने आहेत. २०१९ मध्ये धक्क्यावर मोदेस्त तेस्तास या स्त्रीचा पुतळा उभारला गेला. पूर्व आफ्रिकेत जन्मलेल्या या स्त्रीस बोर्दोच्या दोघा भावांनी विकत घेऊन त्या वसाहतीत नेले होते. पुतळा घडविणारा शिल्पकार हैतीचाच आहे.

जमेची बाजू ठळक अक्षरांत लिहून दुसरी कोरी ठेवणे ही खोड सर्वच नगरांना आणि राष्ट्रांना असते. आपणही तिला अपवाद नाही. बोर्दोच्या मद्याची चव अवश्य घ्यावी. परंतु त्यानंतर गारोनच्या काठी त्या स्त्रीसमोर घटकाभर उभे राहावे. त्यावाचून हे बंदर पाहिले असे म्हणता येणार नाही.