चमत्काराचा अभ्यास : फाळके पडदा कसा वाचत होते?

१/ १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट चालू होता. प्रेक्षकांत चाळिशीचे धुंडिराज गोविंद फाळके बसले होते. पडद्यावर ख्रिस्ताचे चमत्कार सरकत असताना आपल्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकात लिहिले.

२/ हा प्रसंग सर्वपरिचित आहे. त्यानंतरच्या महिन्यांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. स्फूर्ती एका क्षणाची होती. तिच्यामागून आलेला अभ्यास प्रदीर्घ होता, आणि त्याची किंमत शरीराने मोजली.

३/ चमत्कार घडवणे फाळके यांना नवे नव्हते. जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, छापखाना असा त्यांचा प्रवास झाला होता. शिवाय ते जादूचे प्रयोग करीत. आडनाव उलटे करून ‘प्रो. केळफा’ असे नाव त्यांनी घेतले होते.

४/ त्या काळी जगभरच जादूगार पडद्याकडे वळत होते. पॅरिसचा जॉर्ज मेलिएस मूळचा रंगमंचावरील जादूगार. कॅमेरा थांबवायचा, दृश्यातील वस्तू बदलायची आणि चित्रण पुढे चालू करायचे, ही त्याची आवडती युक्ती. १९०२ मध्ये त्याने प्रेक्षकांना चंद्रावर नेले.

५/ इंग्लंडमध्ये सेसिल हेपवर्थ याने पर्सी स्टो याच्यासह १९०३ साली ‘ॲलिस इन वंडरलँड’ पडद्यावर आणला. त्यात ॲलिस लहानमोठी होताना दिसते. याच हेपवर्थने सिनेमॅटोग्राफची बाराखडी शिकवणारे पुस्तक लिहिले होते. फाळके यांनी ते मिळवून वाचले. ‘बायोस्कोप’ हे लंडनचे साप्ताहिकही ते वाचू लागले.

६/ दिवसाचे चार-पाच तास चित्रपट पाहणे, उरलेल्या वेळात घरी प्रयोग, झोप जेमतेम तीन तास. डोळे सुजले आणि दृष्टी जवळजवळ गेली. वैद्यकीय उपचारांनी आणि निरनिराळ्या चष्म्यांच्या आधाराने ती परत आली. बरे होताच ते पुन्हा चित्रपटगृहात जाऊन बसले.

७/ पुढे विम्याच्या पॉलिस्या गहाण पडल्या. फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके लंडनला पोहोचले. ‘बायोस्कोप’च्या संपादकांनी प्रथम या धंद्यात पडू नका असेच सांगितले, पण त्यांचा निर्धार पाहून त्यांनीच हेपवर्थशी गाठ घालून दिली. ज्याचे पुस्तक वाचले, त्याचाच स्टुडिओ आता प्रत्यक्ष पाहता आला.

८/ परतल्यावर त्यांचा पहिला चमत्कार देवाचा नव्हता, वाटाण्याचा होता. कुंडीतल्या रोपाची एकेक चौकट महिनाभर टिपून त्यांनी अंकुराची वाढ काही क्षणांत दाखवली. ती पाहून भांडवल मिळाले. फिल्मला भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई शिकल्या. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

९/ मग फाळके यांनी केवळ अनुकरण केले काय? एका दृश्यावरून याचा निवाडा होतो. १८९८ च्या एका लघुपटात मेलिएस स्वतःचे डोके काढून मेजावर ठेवतो आणि प्रेक्षक हसतात. फाळके यांच्या ‘श्रीकृष्णजन्म’मध्ये (१९१८) भयग्रस्त कंसाला आपलेच शिर धडावेगळे होताना दिसते.

१०/ युक्ती एकाच कुळातली, परिणाम मात्र भिन्न. मेलिएसचे डोके गंमत म्हणून सुटते. कंसाचे डोके त्याच्या पापभीतीपोटी. त्या भीतीची कथा प्रेक्षकांना कीर्तन-पुराणांतून आधीच ठाऊक होती. परकी युक्ती इथे ओळखीच्या कथेच्या अर्थासाठी राबते.

११/ दुसरे वेगळेपण याहून विलक्षण आहे. जादूगार आपली युक्ती लपवतो. फाळके यांनी ती उघड केली. ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट त्यांनी काढला. ‘कालियामर्दन’च्या (१९१९) आरंभी त्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी प्रथम आपल्या चेहऱ्यावरील भाव दाखवते आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत कृष्ण होते.

१२/ ही मुलगी आहे, हे कळूनही प्रेक्षक पुढे तिच्यात कृष्णच पाहतात. स्वतः अंधारात बसून, डोळे पणाला लावून जे शिकले, त्याचे मर्म फाळके यांनी झाकून ठेवले नाही. ‘कालियामर्दन’चा बराच भाग आजही उपलब्ध आहे, पाहताना आरंभीचा तो चेहरा वगळून पुढे जाऊ नये.