गुळगुळीत काच आणि आमची बोटं

परवा एसटीत शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं, "राग मानू नका, पण तुम्हाला दिसत नाही, मग हा टचचा फोन कसा चालवता? याला तर बटणंच नाहीत." प्रश्न अगदी रास्त होता. उतरायच्या आत जमेल तेवढं त्यांना सांगितलं. उरलेलं इथे लिहितोय, कारण तो प्रश्न एकेकाळी आम्हा सगळ्या अंधांचाच होता.

बटणांच्या फोनपासून सुरुवात करू. जुना नोकिया आठवत असेल तर त्याच्या ५ च्या बटणावर एक बारीक उंचवटा असायचा. डोळसांच्या तो लक्षातही येत नसे. आमचं सगळं जग त्या टिंबाभोवती होतं. ५ सापडला की वर २, खाली ८, डावीकडे ४, उजवीकडे ६. नोकियाच्या सिम्बियन फोनवर 'टॉक्स' किंवा 'मोबाइल स्पीक' नावाचं सॉफ्टवेअर टाकलं की पडद्यावरचं सगळं तो बोलून दाखवायचा. हे सॉफ्टवेअर वेगळं विकत घ्यावं लागे आणि ते काही स्वस्त नव्हतं. पण स्वतःला आलेला मेसेज दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागत नाही, याची किंमत कशी करणार?

मग २००७ साली आयफोन आला. पुढून पाहिलं तर जवळजवळ सगळी सपाट काच, आणि त्या पहिल्या फोनमध्ये स्क्रीन रीडर नव्हता. आमच्यातल्या अनेकांना वाटलं, झालं, आता आपण बाहेर. आणि भीती खोटी नव्हती. तुम्ही आधी बघता आणि मग बोट लावता. आम्ही बोट लावूनच बघतो. बटणावर नुसतं बोट ठेवलं तर काही होत नाही, दाबावं लागतं. काचेचं तसं नाही. शोधायला म्हणून बोट टेकवलं आणि फोन लागला भलत्यालाच! थोडक्यात, बघणं आणि करणं ही दोन कामं काचेनं एकच करून टाकली होती.

ती दोन कामं पुन्हा वेगळी करणं, हा या इतिहासातला खरा शोध. २००८ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या शॉन केन, जेफ्री बिगहॅम आणि जेकब वॉब्रॉक या संशोधकांनी 'स्लाइड रूल' नावाचा प्रयोग मांडला. एक बोट काचेवर फिरवत राहायचं, फोन नावं सांगत जाईल. हवं ते सापडलं की पहिलं बोट तसंच ठेवून दुसऱ्या बोटानं टिचकी मारायची. नुसत्या फिरणाऱ्या बोटानं काहीच उघडणार नाही.

त्याच सुमारास गूगलमध्ये याच कोड्याशी झुंजत होते टी. व्ही. रामन. हे नाव आपल्याकडे जास्त माहीत असायला हवं. पुण्यात वाढलेला मुलगा, चौदाव्या वर्षी काचबिंदूनं दृष्टी गेली. नौरोसजी वाडिया कॉलेजातून गणिताची पदवी, मग आयआयटी मुंबई, मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट. तिथे त्यांनी गणिताची किचकट समीकरणं आवाजात वाचून दाखवणारी प्रणाली तयार केली. रामन आणि त्यांचे सहकारी चार्ल्स चेन यांनी काचेवर नंबर फिरवण्याची एक युक्ती काढली. काचेवर बोट जिथे पहिल्यांदा टेकेल, तिथेच ५ आहे असं फोननं समजायचं. तिथून वर सरकलं की २, खाली ८. म्हणजे अंक शोधत बोटानं हिंडायचं नाही, बोट असेल तिथे अंकांनी यायचं. नोकियाचं ते टिंब टिंबाशिवाय परत आलं होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी एकटाच मोठ्यानं हसलो होतो.

२००९ मध्ये दोन्हीकडून दारं उघडली. जूनमध्ये आयफोन ३जीएस आला तो व्हॉइसओव्हर पोटात घेऊनच, वेगळे पैसे नाहीत. बोट फिरवा, नाव ऐका, हवं ते मिळालं की काचेवर दोनदा टिचकी. त्याच वर्षी अँड्रॉइड १.६ मध्ये टॉकबॅक आलं. सुरुवातीला ते मुख्यतः बटणांच्या आणि ट्रॅकबॉलच्या आधारानं चाले. काचेवर बोट फिरवून ऐकायची सोय २०११ च्या ४.० मध्ये आली, आणि उजवीकडे बोट सरकवून पुढच्या गोष्टीवर जायची सोय २०१२ च्या ४.१ मध्ये. माझ्यासारख्याला आयफोन परवडणारा नव्हता. स्वस्त अँड्रॉइडनं टॉकबॅक आमच्या खिशात आणलं.

मराठीची वाट मात्र आणखी बघावी लागली. माझ्या पहिल्या टचफोनचा आवाज इंग्रजी होता. देवनागरी अक्षर आलं की तो गप्प. घरच्या ग्रुपवर मेसेज वीस, आणि माझ्या कानात शांतता. पुढे 'ईस्पीक'चा यंत्रासारखा मराठी आवाज मिळाला, नंतर गूगलचा जरा माणसासारखा. आज ही पोस्टसुद्धा मी तशीच ऐकून तपासतोय, आणि इतक्या वेगानं की शेजारच्याला एक शब्द कळणार नाही.

इथवर सगळं छान. आता अडतं कुठे?

स्क्रीन रीडर पडद्यावरचं चित्र बघत नाही. ॲप बनवणाऱ्यानं प्रत्येक बटणाला आतून जे नाव दिलेलं असतं, ते तो वाचतो. 'पैसे पाठवा' असं नाव दिलं तर तेच ऐकू येतं. नाव दिलंच नाही तर नुसतं 'बटण'. पुढे पुन्हा 'बटण'. त्यातलं पैसे पाठवायचं कुठलं आणि रद्द करायचं कुठलं? नाव द्यायला एक ओळ लागते. ती राहून जाते.

गेल्या वर्षी एका बँकेच्या ॲपवर माझी केवायसी अडली. चेहरा चौकटीत आणा, डोळ्यांची उघडझाप करा. चौकट कुठे आहे ते फोन सांगेना. वेळ संपायची, पुन्हा पहिल्यापासून. शाखेत गेलो तर उत्तर मिळालं, "कुणाला तरी सोबत घेऊन या." तीन आठवडे खातं बंद. मुलीच्या फीची तारीख निघून गेली. वीस वर्षांपूर्वी मेसेज वाचायला माणूस लागायचा, आता स्वतःच्या पैशाला हात लावायला.

हा माझ्या एकट्याचा अनुभव नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून आणि अंध वकील अमर जैन यांनी नेमक्या याच डिजिटल केवायसीवरून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३० एप्रिल २०२५ ला निकाल लागला. डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं आणि केवायसी सर्वांना करता यावी म्हणून २० निर्देश दिले. दिव्यांग हक्क कायदा तर २०१६ पासूनच आहे.

कायदा झाला, निकाल लागला. तरी ॲपचं नवं अपडेट आलं की माझ्या पोटात गोळा येतो. काल चालणारं बटण आज मुकं झालेलं असू शकतं.

म्हणून एक विनंती. तुमच्यापैकी कुणी बँकेत, पालिकेत, शाळेत ॲपचं काम बघत असेल, तर आज रात्री पाच मिनिटं काढा. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे टॉकबॅक. चालू-बंद कसं करायचं ते आधी वाचून ठेवा, नाहीतर अडकाल. मग डोळे मिटा आणि तुमच्याच ॲपमधून शंभर रुपये भरून दाखवा. जिथे अडाल, तिथे एक ओळ लिहायची राहिली आहे.