ग्राफाइट ते ग्राफीन : वंगणाची कथा

यंत्राचे दोन भाग एकमेकांवर घासले की उष्णता निर्माण होते, धातू झिजतो आणि शक्ती वाया जाते. ही हानी टाळण्यासाठी वंगण लागते. पेन्सिलीच्या शिशात असणारे ग्राफाइट हेही उत्तम वंगण होय. त्यातील कार्बनचे पातळ थर एकमेकांवरून सहज सरकतात.

अमेरिकन संशोधक एडवर्ड ॲचेसन यांनी १८९६ साली कृत्रिम ग्राफाइटचे पेटंट मिळविले. परंतु ग्राफाइटची पूड पाण्यात वा तेलात मिसळली की तळाशी बसे. यावरचा उपाय त्यांना सापडला तो मातीत! प्राचीन इजिप्तमध्ये विटांच्या मातीत पेंढा घालीत, असा बायबलमध्ये उल्लेख आहे. ॲचेसन यांनी पेंढ्याचा अर्क मातीत घालून पाहिला. माती अधिक लवचीक झाली. टॅनिननेही तोच परिणाम साधला. १९०६ मध्ये त्यांनी टॅनिन ग्राफाइटवर वापरले आणि त्याचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहिले. पुढे तेलासाठीही असे मिश्रण तयार झाले.

२००४ साली मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीच्या साहाय्याने ग्राफाइटचा एका अणूच्या जाडीचा थर, म्हणजेच ग्राफीन, वेगळा केला. २०१० मध्ये त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राफीन तेलात अल्प प्रमाणात मिसळून घर्षण कमी करण्याचे प्रयोग झाले आहेत. मात्र अडचण जुनीच! थर एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके तळाशी बसतात आणि तेलाचा गुण जातो. म्हणून ग्राफीनच्या पृष्ठभागावर रासायनिक प्रक्रिया करावी लागते.

नवा पदार्थ हाती आला, तरी ॲचेसन यांचा प्रश्न पुन्हा सोडवावाच लागतो.