पन्नास बिऱ्हाडांचा इतिहास

'राज्याचा इतिहास' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? तलवारी, तोफा, काचेमागचा एखादा अंगरखा आणि शेजारी 'हात लावू नये' ही पाटी. शाळेची सहल रांगेने आत जाते आणि त्याच रांगेने बाहेर येते. पोरांच्या लक्षात राहतो तो गेटाबाहेरचा बर्फाचा गोळा!

म्हणूनच अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने केलेला एक उद्योग मला भलताच आवडला. तिथली हिस्टॉरिकल सोसायटी १८४९ची आणि मिनेसोटाला राज्याचा दर्जा मिळाला १८५८ मध्ये. म्हणजे राज्य व्हायच्या ९ वर्षं आधीच इतिहास जपणारी संस्था तयार! सेंट पॉल या राजधानीत १९९२ पासून या संस्थेचं मोठं संग्रहालय आहे, मिनेसोटा हिस्टरी सेंटर.

तर २००६ मध्ये इथे 'ओपन हाउस' नावाचं एक प्रदर्शन सुरू झालं. विषय काय, तर एक घर. ४७० हॉपकिन्स स्ट्रीट. शहराच्या ईस्ट साइड भागातलं, कामगार वस्तीतलं साधं घर. कुणा थोर पुरुषाचा वाडा वगैरे काही नाही. १८८८ मध्ये एका जर्मन कुटुंबाने ते बांधलं. नंतर इटालियन आले, मग आफ्रिकन-अमेरिकन आणि शेवटी ह्मॉंग. (ह्मॉंग म्हणजे लाओसच्या डोंगराळ भागातले लोक. तिथल्या युद्धात अमेरिकेच्या बाजूने लढले आणि १९७५ नंतर निर्वासित होऊन बाहेर पडले.) ११८ वर्षांत या एका घरात साधारण ५० बिऱ्हाडं राहून गेली. आता सांगा, राज्याचा इतिहास याहून वेगळा काय असतो?

बेंजामिन फिलीन हे या प्रदर्शनाचे क्युरेटर. त्यांच्या टीमने जनगणनेच्या नोंदी, सिटी डिरेक्टरी (आपल्या टेलिफोन डिरेक्टरीची आजी समजा) असे कागद उपसून माणसं शोधली. जी हयात होती त्यांच्याशी बोलून आठवणी गोळा केल्या. मग एकेका काळाची एकेक खोली उभी केली आणि 'हात लावू नये' चक्क काढून टाकलं. कपाटं उघडा, वस्तू उचला, गोष्ट सापडेल. एका खोलीत पलंगावर बसलात की तो खाली कोसळायचा, कारण त्या घरातल्या एकाच्या आठवणीत पलंग मोडल्याचा किस्सा होता! आता मला सांगा, एखादं पोरगं हे बघून घरी गेल्यावर आजोबांना 'तुमच्या घरी काय काय मोडलं होतं?' असं विचारणार नाही का? फॅमिली प्रोग्रॅम म्हणजे माझ्या मते हेच. मुलांना रंगीत खडू देऊन एका कोपऱ्यात बसवणं नव्हे.

आता जरा आपल्याकडे येऊ. अमेरिकेत जनगणनेतल्या घरोघरच्या नोंदी ७२ वर्षांनी सगळ्यांसाठी खुल्या होतात. १९५०च्या नोंदी २०२२ मध्ये खुल्या झाल्या. आपल्याकडे १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे या नोंदी कुणालाही बघता येत नाहीत. खाजगी माहिती जपायला हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण परिणाम असा की चाळीत किंवा वाड्यात कोण राहून गेलं हे शोधायला ती वाट बंद. प्रॉपर्टी कार्डावर नाव असतं मालकाचं. भाडेकरू त्यात कुठेच नसतो.

माझे आजोबा पुण्यात एका वाड्यात दोन खोल्यांत ३४ वर्षं भाड्याने राहिले. वाडा पाडून तिथे अपार्टमेंट झालं, खाली मेडिकलचं दुकान आलं. त्या ३४ वर्षांचा पुरावा म्हणजे भाड्याच्या काही पावत्या, एक जुनं रेशनकार्ड आणि माझी आजी. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळा डेटा एकाच सर्व्हरवर आणि बॅकअप नाही. आजी आता ८३ वर्षांची आहे. चौकातल्या नळावर पहाटे कुणाचा नंबर पहिला, कुणाकडे रेडिओ आधी आला, कोणतं बिऱ्हाड कुठून आलं आणि कुठे गेलं हे सगळं तिला पाठ आहे. तिच्यानंतर ते सांगणारं कुणी नाही.

आपल्या शहरांत रीडेव्हलपमेंटचा वेग बघता कुठलं संग्रहालय हे काम हाती घेईल याची वाट बघण्यात अर्थ नाही. मोबाइलमध्ये रेकॉर्डर सगळ्यांकडे आहे. प्रश्नही अवघड नकोत. 'वाड्यात शिरल्यावर डाव्या हाताला कोण राहायचं?' एवढं विचारलं तरी तासभर निघतो. फक्त मध्ये तोंड घालायचं नाही, आणि सांगणाऱ्याचं नाव, तारीख, वाड्याचा पत्ता फाइलला द्यायचा, नाहीतर दहा वर्षांनी 'न्यू रेकॉर्डिंग ७' म्हणजे काय ते कुणालाच कळणार नाही.

मी डाव्या हातापासून सुरुवात केली आहे. सात बिऱ्हाडं झाली, अजून अकरा बाकी आहेत.