घुमान : पंजाबातील नामदेवांचे गुरुद्वारे

पंजाब राज्याच्या गुरदासपूर जिल्ह्यात, बटाला आणि श्रीहरगोबिंदपूर यांच्या परिसरात घुमान हे गाव वसलेले आहे. शेतीवर जगणाऱ्या या गावाची ख्याती 'श्री दरबार साहिब बाबा नामदेवजी' या स्थानामुळे झाली. वारकरी संप्रदायाचे संत नामदेव (१२७० ते १३५०) हेच पंजाबातील 'भगत नामदेव' होत.

परंपरेनुसार ज्ञानदेवांच्या समाधीनंतर नामदेव उत्तरेकडे गेले. पंजाबात त्यांचा मुक्काम प्रथम भट्टीवाल या गावी होता. पुढे त्यांनी जवळच्या निर्जन रानात वास्तव्य केले. त्यांच्याभोवती शिष्य व भाविक जमत गेले आणि त्या वस्तीचेच घुमान झाले, असे ग्रामस्थ सांगतात. तेथे त्यांनी सुमारे वीस वर्षे काढली, अशी श्रद्धा आहे. ज्या जागी ते तप करीत, तेथे आज 'तपियाना साहिब' हे गुरुद्वारे आहे. स्थानाची सेवा परंपरेने करणारे 'बावे' स्वतःला नामदेवांचे शिष्य बोहरदास यांचे वंशज मानतात.

मुख्य वास्तूच्या उभारणीचे श्रेय अठराव्या शतकातील शीख सरदार जस्सासिंग रामगढिया यांना दिले जाते. महाराजा रणजितसिंग यांच्या सासू, कन्हैया मिसलीच्या सदाकौर, यांनी येथील तलावाची दुरुस्ती करविली, अशी नोंद आढळते.

शीख धर्मात नामदेवांना लाभलेले स्थान मात्र इमारतीहून जुने आहे. गुरू अर्जुनदेवांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात नामदेवांच्या ६१ पदांचा समावेश झाला. नामदेवांच्या निर्वाणानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी एका मराठी शिंप्याची वाणी शिखांच्या नित्य पाठात स्थिरावली. या पदांची भाषा उत्तरेकडची असली, तरी त्यांत मराठी वळणाचे शब्दप्रयोग आढळतात. पदांचे कर्ते नामदेव आणि अभंगांचे कर्ते नामदेव एकच की भिन्न, हा प्रश्न काही अभ्यासकांनी उपस्थित केला आहे. लोकश्रद्धेने त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे.

मतभेद आहे तो समाधीच्या स्थानाविषयी. वारकरी परंपरा पंढरपूरच्या महाद्वारातील नामदेव पायरीला समाधी मानते आणि आषाढ वद्य त्रयोदशीस पुण्यतिथी पाळते. नामदेवांनी देह ठेवला तो घुमानलाच, अशी घुमानची धारणा असून तेथील मोठी यात्रा माघाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे जानेवारीच्या मध्यास, भरते.

एप्रिल २०१५ मध्ये डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे झाले, तेव्हा अनेक मराठीजनांना या गावाचा प्रथमच परिचय झाला. घुमानकरांना मात्र नामदेवांची ओळख कोणी करून द्यावी लागली नव्हती. मराठी मुलखापासून इतक्या दूरच्या या गावाने त्यांची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली होती.