आयुष्याची प्रत कशी मोजावी?

शाळामास्तराचें आयुष्य गुण देण्यांत जातें. पस्तीस वर्षें मीं उत्तरपत्रिका तपासल्या आणि लाल शाईनें आंकडे मांडले. परंतु मुलाचें जगणें कसें चाललें आहे, यालाहि गुण देतां येतील असें कधीं मनांत आलें नाहीं. वैद्यकानें मात्र तें अवघड काम अंगावर घेतलें आहे. त्या प्रयत्नाचा इतिहास, विशेषतः एच्. आय्. व्ही.ची बाधा घेऊन जगणाऱ्या मुलांच्या संबंधांत, आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत ठेवावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ १९४८ सालापासून धरतां येईल. त्या वर्षीं ७ एप्रिल रोजीं जागतिक आरोग्य संघटनेची घटना अमलांत आली. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शरीर, मन व सामाजिक जीवन या तिहींचें पूर्ण स्वास्थ्य होय, अशी व्याख्या तिनें जगापुढें ठेवली. त्याच सुमारास न्यूयॉर्क येथें डॉ. डेव्हिड कार्नोफ्स्की हे कर्करोगाच्या रोग्यांवर नवीं औषधें वापरून पाहात होते. गांठ किती आकसली एवढेंच न पाहतां, रोगी आपलें नित्याचें काम करूं शकतो कीं नाहीं, त्याला दुसऱ्याचें साहाय्य किती लागतें, हें पाहून शून्यापासून शंभरापर्यंत गुण देण्याची पद्धत त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घालून दिली.

पण ही मोजपट्टी मोठ्या माणसांची. मूल कचेरींत जात नाहीं. मग त्याचें नित्याचें काम कोणतें? या प्रश्नाला उत्तर मिळावयास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. लान्स्की व त्यांचे सहकारी यांनीं १९८० नंतरच्या दशकांत कर्करोग झालेल्या मुलांसाठीं निराळी पट्टी तयार केली. तिच्यांत पाहावयाची गोष्ट एकच: मूल खेळतें किती? आणि गुण द्यावयाचे ते आईबापांनीं. खेळ हाच मुलाचा उद्योग, हें घरोघरच्या आजीला ठाऊक असलेलें सत्य शास्त्रांत असें उशिरां दाखल झालें.

याच दशकांत एड्सचें संकट पुढें आलें. १९८१ च्या जूनमध्यें अमेरिकेंत त्याची पहिली नोंद झाली ती तरुण पुरुषांत. १९८२ च्या डिसेंबरांत तशाच लक्षणांचीं अर्भकें आढळल्याचें जाहीर झालें. त्या काळीं मोजण्यासारखें एकच होतें, तें म्हणजे मूल किती दिवस जगलें. उपचार न मिळाल्यास जन्मतः बाधा झालेल्या मुलांपैकीं सुमारें निम्मीं दोन वर्षांच्या आंत दगावतात. तेथें आयुष्याच्या प्रतीचा विचार कोण करणार? १९९४ सालीं असें सिद्ध झालें कीं, गरोदर मातेला व नवजात अर्भकाला झिडोव्हुडीन हें औषध दिल्यास बाधेचें प्रमाण शेंकडा सुमारें २५ वरून ८ वर येतें. १९९६ पासून अनेक औषधें एकत्र देण्याचा उपचार रूढ होऊं लागला. आपल्या देशांत ही बाधा प्रथम आढळली ती १९८६ सालीं, त्या वेळच्या मद्रास शहरांत. सरकारी इस्पितळांतून मोफत औषधें १ एप्रिल २००४ पासून मिळूं लागलीं, आणि मुलांसाठीं खास योजना २००६ च्या नोव्हेंबरांत सुरू झाली. आतां नेमानें औषध घेणारें मूल वाढतें, शाळेंत जातें, तारुण्यांत येतें. मरणाचा प्रश्न मागें हटला, तेव्हां जगण्याचा प्रश्न पुढें आला.

औषधाचा गुण पाहण्यासाठीं रक्तांतील सीडी-४ पेशी व विषाणूंची संख्या मोजतात. तें आवश्यकच आहे. पण रक्ताच्या आंकड्यांना काय दिसत नाहीं, हें रायन व्हाइट या मुलाच्या चरित्रावरून कळतें. हा अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांतला कोकोमो येथील मुलगा. रक्त न गोठण्याच्या विकारावर घेतलेल्या औषधांतून त्याला बाधा झाली व १९८४ च्या डिसेंबरांत, तेराव्या वर्षीं, तिचें निदान झालें. पुढल्या वर्षीं शाळेनें त्याला प्रवेश नाकारला आणि त्याला घरीं बसून दूरध्वनीवरून धडे ऐकावे लागले. न्यायालयांत भांडून तो परत गेला, तरी छळ थांबला नाहीं. १९८७ सालीं हें कुटुंब सिसरो या गांवीं राहावयास गेलें. तेथील शाळेनें विद्यार्थ्यांना रोगाची माहिती अगोदरच करून दिली होती; मुख्याध्यापकांनीं व विद्यार्थ्यांनीं त्याच्याशीं हस्तांदोलन केलें. रोग तोच, मुलगा तोच. आयुष्याची प्रत मात्र गांव बदलतांच बदलली. ८ एप्रिल १९९० रोजीं तो वारला.

हें गांवागांवांतील अंतर मोजूं शकेल अशी पट्टी हवी होती. आज पुष्कळ देशांत वापरली जाणारी ‘पेड्स्‌क्यूएल्’ नांवाची प्रश्नावली जेम्स वार्नी व त्यांचे सहकारी यांनीं तयार केली. तिची सध्यांची आवृत्ति २००१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत २३ प्रश्न असतात: शरीराविषयीं आठ, आणि मन, सोबती व शाळा यांविषयीं प्रत्येकीं पांच. गेल्या महिन्यांत अमुक अडचण कितीदां आली, एवढेंच विचारावयाचें. पांच ते सात वर्षांच्या मुलाला तीन चेहरे दाखवितात, एक हंसरा, एक साधा व एक रडवेला. त्यानें बोट ठेवावयाचें. उत्तरांचें रूपांतर शंभर गुणांत होतें. हीच प्रश्नावली पालकांसाठींहि निराळी असते. दोघांचीं उत्तरें पुष्कळदां जुळत नाहींत. चालण्याधांवण्याविषयीं तीं बरींच जुळतात, मनांतल्या दुःखाविषयीं कमी. म्हणून आईला विचारलें तरी मुलाला विचारणें चुकत नाहीं.

या प्रश्नांत रोगाचें नांवहि नसतें, ही मोठी सोय आहे. कित्येक मुलांना आपल्याला काय झालें आहे हें सांगितलेलेंच नसतें. शाळकरी वयाच्या मुलाला तें त्याच्या समजुतीप्रमाणें हळूहळू सांगावें, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालीं दिला. पण आईबापांची जीभ रेटत नाहीं. अशा मुलालाहि हे प्रश्न विचारतां येतात.

पट्टींत दोषहि आहेत. मूळ प्रश्न अमेरिकन शहरांतल्या मुलासाठीं केलेले. तेथें अंतर रस्त्यांच्या चौकांवरून सांगतात. आपल्या खेड्यांतल्या मुलाला विहीर किंवा देऊळ सांगावें लागेल. शिवाय हालअपेष्टांची संवय झालेलें मूल ‘कांहीं अडचण नाहीं’ असेंच म्हणेल आणि पूर्ण गुण मिळवील.

तरी मास्तरी हिशेब मला सोडवत नाहीं. २३ पैकीं १५ प्रश्न शरीराबाहेरचे आहेत. शाळेच्या पांचांपैकीं दोन गैरहजेरीचे: एक आजारपणामुळें, दुसरा डॉक्टरांकडे जावें लागल्यामुळें. औषध आणण्याचा दिवस सुटीला जोडून दिला, तर रक्ताच्या एका थेंबांतहि फरक न पडतां मुलाचे गुण वाढतील. आणि इतर मुलें तुझ्याशीं मैत्री करावयास नाखूष असतात काय, या अर्थाचा एक प्रश्न आहे. तो वाचून माझें मन वीस वर्षें मागें गेलें.

मी शिकवीत होतों त्या शाळेंत असा एक मुलगा होता. बातमी फुटली, कांहीं पालक तक्रार घेऊन आले. मुलाला काढलें नाहीं. शेवटच्या बांकावर एकटें बसविलें. वर्ग माझा होता. शेजारीं बसल्यानें किंवा एका माठांतलें पाणी प्यायल्यानें ही बाधा होत नाहीं, हें मला तेव्हांहि ठाऊक होतें. तरी मी बोललों नाहीं. दिवाळीच्या सुटीनंतर तो आला नाहीं, आणि कांहीं दिवसांनीं मीं पटावरून त्याचें नांव कमी केलें.

२०१७ सालच्या कायद्यानें, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला, शिक्षणांत असा भेदभाव करण्यास बंदी केली आहे. कायदा वर्गांत जागा मिळवून देईल; शेजारीं कोण बसेल, हें वर्गावरच्या शिक्षकानें आणि घरच्या आईबापांनीं पाहावयाचें. त्या मुलाला हे २३ प्रश्न कोणीं विचारले असते, तर त्याला जे गुण कमी पडले असते, त्यांतले कांहीं माझ्या नांवावर मांडावे लागले असते. आपल्या मुलाच्या वर्गांत असें एखादें मूल असेल, तर आपल्या नांवावर काय मांडलें जाईल, याचा श्रोत्यांनीं विचार करावा, एवढीच विनंति.